साथ आणि साहित्य



वाईसारख्या गावात दवाखाना खुशाल काढावा, पण तिथं बसून लिहायच्या फंदात पडू नये. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोश जिथून उभा केला ते हे गाव. इथं रक्तदाब मोजायला एक हात पुढं करणारा माणूस दुसऱ्या हातानं खिशातलं कात्रण काढतो आणि तुमच्या लेखातली चुकलेली वेलांटी दाखवतो. अशा वेळी रक्तदाब नेमका कुणाचा मोजावा, हा प्रश्नच असतो.

मी दवाखाना चालवतो आणि लिहितोही, त्यामुळे दोन्हीकडं माझ्याविषयी शंका आहे. पेशंट म्हणतात, ‘एवढं लिहायला वेळ मिळतो, म्हणजे प्रॅक्टिस बेताचीच दिसते.’ संपादक म्हणतात, ‘डॉक्टर आहेत, त्यांना कशाला हवं मानधन?’

यातली पेशंटांची शंका अगदीच निराधार नाही, हे कबूल करायला हवं. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल यांनी 1891 साली लंडनमध्ये नेत्रतज्ज्ञ म्हणून पाटी लावली. त्यांनीच लिहून ठेवलंय की तिथं एकही रोगी फिरकला नाही. मग हे गृहस्थ करणार काय? तिथंच बसून गोष्टी लिहू लागले. तेव्हा लंडनकरांचे डोळे थोडे अधू असते तर जगाला होम्सच्या कितीतरी कथांना मुकावं लागलं असतं. डॉक्टर असलेल्या रशियन कथाकार चेखवचं नेमकं उलटं झालं. 1892 साली रशियात कॉलरा आला. मॉस्कोजवळ मेलिखोवोला राहणाऱ्या चेखवच्या वाट्याला 25 गावं, 4 कारखाने आणि एक मठ आला. पगार त्यानं घेतला नाही. त्या दिवसांतल्या त्याच्या पत्रांत कुरकुर आहे, लिहायला सवड नाही! थोडक्यात काय, साथ आणि साहित्य यांचं प्रमाण व्यस्त असतं.

मराठी डॉक्टरची अडचण तर आणखी वेगळी. 1909 साली ‘मनोरंजन’चे संपादक काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला. मित्रांविषयी मला आदर आहे, पण त्यांनी महिना चुकीचा निवडला. दिवाळीत अंक यायचा तर ऐन पावसाळ्यात कथा संपादकांच्या हाती पडायला हवी. म्हणजे आषाढात पत्र येणार, ‘ऑगस्टअखेर कथा पाठवावी’, आणि त्याच सुमाराला जुलाब, मलेरिया, डेंग्यू, चिखलात राबणाऱ्यांचा लेप्टो हेही सगळे ठरल्या वेळी हजर होणार. अंक मार्चमध्ये निघता तर काय बहार होती! मार्चमध्ये दवाखाना रिकामा असतो. घरात दहावीचा मुलगा असला की आईला आजारी पडायची परवानगी नसते, आणि बापाची कंबर शेवटच्या पेपरपर्यंत आपोआप कळ काढते.

मागच्या श्रावणात माझ्या कथेची नायिका माहेरच्या दारात येऊन उभी राहिली. तिला आत घ्यायचं की नाही एवढं एक वाक्य लिहायचं होतं. तेवढ्यात दवाखान्यातल्या मावशींनी दार लोटलं, ‘डॉक्टर, पोराला फणफणून ताप हाय, नंबर सोडून घेऊ का?’ पोराला घेतलं. त्याच्यामागून त्याची आई, तिच्यामागून शेजारीण, ‘आलेच हाय तर बघा’ म्हणत. ती नायिका पिठोरी अमावास्येपर्यंत दारातच ताटकळली. संपादकांचे फोन येत होते. शेवटी कथा गेली ती औषध कंपन्यांचे एमआर वाटतात त्या पॅडवर लिहून. दर पानाच्या माथ्यावर आम्लपित्ताच्या गोळीचं नाव आणि पाठीमागं पोटाचं रंगीत चित्र. संपादकांनी विचारलं, ‘शीर्षक हेच ठेवायचं का?’

पेशंटची गोष्ट आम्हाला आहे तशी लिहिता येत नाही. जे कानावर पडतं ते पोटात ठेवायचं, हा या धंद्याचा पहिला नियम. म्हणून मी पुरुषाची बाई करतो, दम्याचा संधिवात करतो, साताऱ्याच्या माणसाला थेट नांदेडला नेऊन बसवतो. उपयोग शून्य! अंक आला की तिघंजण येऊन सांगतात, ‘डॉक्टर, ओळखलं बरं का.’ तिघांनाही मी लिहिताना आठवलेलं नसतं. एकानं तर कथेतल्या म्हाताऱ्याला ज्या गोळीनं गुण आला तीच लिहून मागितली. ती गोळी मी कल्पनेनं केली होती, हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही.

त्याहून अवघड रुसवा साखर तपासायला येणाऱ्या एका आजींचा. म्हणाल्या, ‘तुमी लिवता म्हनं पुस्तकात. मग आमचं का नाय लिवलं?’

म्हटलं, ‘आजी, पेशंटचं असं लिहायचं नसतं.’

‘का वो? माजं दुखनं काय कमी हाय व्हय?’

यावर वैद्यकशास्त्रात उत्तर नाही, आणि साहित्यशास्त्रातही असेलसं वाटत नाही.

आता एक कायद्याची गोष्ट. भारतीय वैद्यक परिषदेची 2002 सालची आचारसंहिता सांगते की डॉक्टरनं आपली जाहिरात होईल असं काही लिहू-बोलू नये. मात्र सार्वजनिक आरोग्य आणि आरोग्यदायी राहणी या विषयांवर वर्तमानपत्रात लिहायला आणि रेडिओवर बोलायला तिची मुभा आहे. रेडिओचा उल्लेख स्पष्ट आहे. आणि रेडिओवरच्या माझ्या इतक्या वेळच्या बोलण्यात आरोग्य औषधालाही नव्हतं. तेव्हा वेळ संपायच्या आत तेवढं नियमात बसवतो.

डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळायचा. रांजण, बॅरल, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी, सगळं रिकामं करा, घासा आणि वाळवा. गच्चीवरचं जुनं टायर ‘कधीतरी लागेल’ म्हणून ठेवलेलं असतं, ते फक्त डासांना लागतं, ते काढा. ताप आलाच तर अंगदुखीची कुठलीही गोळी मनानं घेऊ नका, ॲस्पिरिन तर नाहीच.

एवढं केलंत तर श्रावणात माझ्याकडची गर्दी ओसरेल आणि कथा वेळेवर जाईल. ती छापून आल्यावर कुणाला आपलीच वाटली, तर कृपा करून दवाखान्यात येऊ नका, संपादकांना पत्र लिहा.