पैठणीचा रंग आणि काळा पाषाण

लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी नाशिकच्या गोदाघाटावर येतात, द्राक्षमळ्यांत जातात. कपडे मात्र दुकानातल्या आरशापुढे ठरतात आणि चूक तिथेच होते. आधी जागा बघा, मग कपाट उघडा.

काळाराम मंदिराच्या परिसरात सगळा काळा पाषाण. तिथे गडद निळा किंवा काळा कुर्ता भिंतीत हरवतो. हळदी, मोतिया, राणी रंग उठून दिसतात. मळ्यात हिरवा टाळावा. आणि ऑक्टोबर छाटणीनंतर काही दिवस वेली उघड्याच असतात, हेही ध्यानात घ्या.

आपल्या जिल्ह्यातली येवल्याची पैठणी तर या कामासाठी फारच देखणी. धूपछाव पैठणीत ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा. त्यामुळे वळलं की रंग पालटतो. हे सौंदर्य सकाळच्या कोवळ्या उन्हातच खुलतं. भर दुपारी जरीवर नुसती चकाकी येते, पदरावरचे मोर दिसतच नाहीत. नवरदेवाने साडीच्याच रंगाचा कुर्ता घालू नये. काठातला किंवा पदरातला एखादा फिका रंग उचलावा. माझ्या मते जोडी तशीच शोभते.

बारीक चौकड्यांचा शर्ट नको, कॅमेऱ्यात त्यावर लाटा उमटतात. घाटाच्या ओल्या पायऱ्यांवर उंच टाचा धोक्याच्या. रेशमावर पाण्याचे डाग पडतात, म्हणून पैठणीतले फोटो कोरड्या जागी आधी उरकून घ्या. जानेवारीत पहाटे निघाल तर शाल हवीच. कुडकुडणारा चेहरा कुठल्याच कपड्यात खुलत नाही.