कंठातील सूर कागदावर

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात जुळे सोलापूर येथे केलेले भाषण)



मी जेमतेम मॅट्रिक झालेला, सारी हयात प्राथमिक शाळेत घालविलेला शिक्षक. संगीतातील माझा अधिकार काहीच नाही. तरीही आज त्याविषयी बोलण्यास उभा आहे. आपल्याच एका कुटुंबातील मुलगी समूहगायन व वाद्यवृंद यांसाठी केलेली आपली रचना एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेस पाठवू इच्छिते. प्रवेशशुल्क व पुढील शिक्षण यांकरिता तिने आपल्या विद्यार्थी-साहाय्य निधीकडे अर्ज केला आहे. “गाणेबजावणे हे शिक्षण कसे?” असा प्रश्न काही सभासदांनी विचारला. प्रश्न प्रामाणिक आहे. उत्तरही तसेच दिले पाहिजे.

अशा स्पर्धेत प्रथम गळा ऐकत नाहीत, कागद वाचतात. गायकांचे सामान्यतः चार गट असतात: स्त्रियांचे उंच व खालचे, पुरुषांचेही तसेच. हे चारही गट एकाच वेळी निरनिराळे सूर गातात आणि तरीही ऐकणाऱ्यास मेळ जाणवावा लागतो. जोडीस व्हायोलिने, बासऱ्या, कर्णे, नगारे. या प्रत्येकाची ओळ एकाखाली एक लिहावयाची. आपल्या लग्नाच्या बँडमधील क्लॅरिओनेटच घ्या. नेहमीच्या बी-फ्लॅट क्लॅरिओनेटवर लिहिलेला सूर वाजविला असता तो एक पूर्ण स्वर खाली उमटतो. म्हणून त्याची ओळ तितकीच वर चढवून लिहावी लागते. हे शिक्षण नव्हे, तर शिक्षण कशास म्हणावे?

ही परंपरा लहानसहान नाही. १९१२ पासून १९४८ पर्यंत ऑलिंपिक सामन्यांबरोबर कलांच्याही स्पर्धा होत व त्यांत संगीत असे. १९४८ साली लंडन येथे समूहगायन व वाद्यवृंद या विभागात पोलंडच्या झ्बिग्निएव्ह तुर्स्की यांना सुवर्णपदक मिळाले.

आपल्या देशालाही लिहिलेल्या संगीताची गरज स्वातंत्र्य मिळताच भासली. १९४७ साली न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या प्रसंगी वाद्यवृंदावर वाजविण्यासाठी आपल्या प्रतिनिधींकडे राष्ट्रगीत मागण्यात आले. त्यांच्याजवळ होती ती ‘जन गण मन’ची ध्वनिमुद्रिका. तीवरून वादकांनी घाईघाईने सराव केला. गीत सर्वांस आवडले आणि अनेक देशांच्या प्रतिनिधींनी त्याची स्वरलिपी मागितली. हा वृत्तान्त पंडित नेहरूंनी २५ ऑगस्ट १९४८ रोजी निवेदनात सांगितला.

त्याच काळात ‘वंदे मातरम्’ वाद्यवृंदावर वाजविण्यास सोयीचे नाही, असा आक्षेप निघाला. तो ऐकून मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर स्वस्थ बसले नाहीत. आळंदीस जन्मलेला, भास्करबुवा बखल्यांच्या तालमीत तयार झालेला हा गवई. त्यांनी झिंझोटी रागाच्या आधारे चाल बांधली, मुंबईस बँडच्या जाणकारांचे साह्य घेऊन ती बँडवर बसविली आणि दिल्लीस घटना समितीच्या सभासदांना ऐकविली. २४ जानेवारी १९५० रोजी राष्ट्रगीताचा मान ‘जन गण मन’ला मिळाला व ‘वंदे मातरम्’ला समान आदराचे स्थान मिळाले. मास्तरांचा मूळ हेतू पूर्णतः साधला नाही. परंतु आक्षेप घेणाऱ्यांवर न रागावता त्यांनी नवी विद्या जवळ केली. त्यांचे मोठेपण मला यातच दिसते.

आता माझा अपराध सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या वर्गात बँडवाल्याचा एक मुलगा होता. समूहगीत बसविताना तो म्हणाला, “गुरुजी, अर्ध्या मुलांनी खालच्या सुरात वेगळे म्हटले तर?” त्याने वहीत काही खुणाही केल्या होत्या. मी म्हणालो, “सर्वांनी एका सुरात म्हणायचे, बेसूर करायचे नाही,” आणि त्या पानावर तांबडी रेघ ओढली. त्या मुलाने पुन्हा वही दाखविली नाही. तो बेसूर नव्हता. मला ठाऊक नसलेल्या सुराला मी बेसूर ठरविले. त्या रेघेची लाज मला आजही वाटते.

बंधुभगिनींनो, आपल्या मुलीच्या रचनेत हलगीचा ठेका आहे. सिद्धेश्वराच्या यात्रेत आपण तो लहानपणापासून ऐकला. दूरदेशीच्या वादकाने तो कधी ऐकलेला नसेल. कागदावर अचूक उतरला तरच तो त्याच्या हाती वाजेल. अशा कित्येक स्पर्धांत रचनेवर कर्त्याचे नाव लिहू देत नाहीत. टोपणनाव घालावयाचे व खरे नाव बंद पाकिटात. म्हणजे तेथे आडनाव, ज्ञाती, ओळखपाळख काही चालत नाही. ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून मी हे मुद्दाम सांगतो. आपल्या मुलांना जेथे ज्ञातीचा आधार लागणार नाही, तेथवर पोहोचविणे हेच आपल्या संस्थेचे काम आहे.

ती जिंकेल असे मी म्हणत नाही. शेकड्यांतून एकास पारितोषिक मिळते, उरलेल्यांस अनुभव. तरी कार्यकारी मंडळाने अर्ज मंजूर करावा व शिक्षणाच्या व्याख्येत संगीताचाही समावेश करावा, अशी माझी विनंती आहे. निवृत्तिवेतनातील पाच हजार रुपये मी आजच कोषाध्यक्षांच्या स्वाधीन करीत आहे. ती देणगी नव्हे. जुन्या तांबड्या रेघेचे प्रायश्चित्त समजावे.