चित्रपुस्तकात स्वतःचे घर शोधणारे मूल

(पालकमेळाव्यातील भाषण)



बालवर्गातील मुलाला ‘तुझे घर काढ’ असे सांगितले, तर ते बहुधा दोन उतरती छपरे, मधोमध दार, बाजूला झाड आणि वर धुराडे असलेले घर काढते. टिटवाळ्यात असे धुराड्याचे घर शोधूनही सापडणार नाही. ते मूल मांड्याच्या चाळीत राहत असेल, स्टेशनजवळच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत असेल किंवा काळू नदीकाठच्या एखाद्या गावात राहत असेल. कागदावर मात्र ते पुस्तकात पाहिलेले घर उतरवते. चित्र सुबक आले म्हणून त्याचे कौतुक होते. पण पुस्तकातले घर तेवढे खरे आणि स्वतःचे घर चित्रात काढण्याजोगे नाही, अशी समजूत त्या बालमनात नकळत रुजण्याचा संभव असतो.

साधारण दीड-दोन वर्षांचे मूल आरशातील स्वतःला ओळखू लागते. तीन ते सहा या वयात ‘मी कोण, माझी माणसे कोण, मी कोणासारखा?’ हे प्रश्न त्याच्या मनात आकार घेतात. टिटवाळ्यातील एकाच बालवर्गात घरी मारवाडी, गुजराती, आगरी, हिंदी आणि मराठी बोलणारी मुले शेजारी-शेजारी बसतात. घरचा एखादा शब्द तोंडून निघाला आणि वर्ग हसला, की ते मूल तो शब्द गिळून टाकते. पुढे आजीशी बोलतानाही त्याला संकोच वाटू लागतो. हे नुकसान कोणत्याही प्रगतिपुस्तकात दिसत नाही.

अमेरिकेतील केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४० च्या सुमारास कृष्णवर्णीय बालकांपुढे काळ्या आणि गोऱ्या बाहुल्या ठेवल्या. बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली चांगली ठरवली. १९५४ मध्ये शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवताना तेथील सर्वोच्च न्यायालयाने या अभ्यासाची दखल घेतली. पुढे १९९० मध्ये रुडीन सिम्स बिशप या विदुषीने मांडले, की मुलांचे पुस्तक आरसाही असावे आणि खिडकीही. त्यात मुलाला स्वतःचे रूप दिसावे आणि शेजाऱ्याचे अंगणही.

हा विचार ठाणे जिल्ह्याला मात्र परका नव्हता. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. हा परिसर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. महागडी परदेशी साधने बाजूला ठेवून त्यांनी शिंपले, बिया, पाने आणि खडे हाती घेतले. मुले शाळेत येत नाहीत, असे दिसताच शाळा त्यांच्या अंगणात नेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. वारली मुलाच्या परिसरातील वस्तूच त्याचे पहिले पाठ्यपुस्तक ठरल्या.

आज मराठीत उत्तम चित्रपुस्तके उपलब्ध आहेत. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ मध्ये एका लहान मुलीच्या घरातील माणसे भेटतात. असे पुस्तक वर्गात वाचताना शिक्षिकेने मुलांना अर्धवर्तुळात बसवावे, चित्र त्यांच्या नजरेच्या उंचीवर धरावे आणि घाई करू नये. ‘या घरात कोण कोण दिसते? तुझ्या घरी सकाळी सर्वांत आधी कोण उठते? तुझे नाव कोणी ठेवले?’ अशा प्रश्नांना चुकीचे उत्तर नसते, म्हणून बुजरे मूलही बोलते होते. नंतर चार कोरे कागद मधोमध दुमडून, शिवून प्रत्येकाचे ‘माझे पुस्तक’ करावे. चित्रे मुलाने काढावीत. खालचे वाक्य मुलाच्याच शब्दांत शिक्षिकेने लिहावे. मूल ‘रोटलो’ म्हणाले तर ‘रोटलो’च लिहावे. त्याला मराठी शब्द पुढे येणारच आहे. घरचा शब्द पुसण्याची गरज नाही.

यात काही पथ्येही पाळावी लागतात. जात, पगार, घराचा आकार यांची चौकशी करू नये. एखाद्याचे वडील हयात नसतील, एखादे मूल मामाकडे वाढत असेल. म्हणून ‘आई-बाबांचे चित्र काढा’ न म्हणता ‘तुझी काळजी घेणाऱ्या माणसांचे काढ’ म्हणावे. ज्याला बोलायचे नाही, त्याचे मौन राखावे.

चित्राचे सामर्थ्य जैन समाजाला नव्याने सांगावे लागत नाही. पर्युषणात कल्पसूत्राची चित्रे दाखविली जातात, तेव्हा आजीच्या मांडीवरचे मूल अक्षरओळख होण्याआधीच माता त्रिशलेची स्वप्ने ओळखते. तीच मांडी आणि तीच सवड घरोघरी रोज दहा मिनिटे चित्रपुस्तकालाही मिळावी.

एकाच मापाचे तयार कपडे साऱ्या वर्गाला घातले, तर कोणाला सैल होतात, कोणाला काचतात. एकाच प्रकारच्या घराची चित्रे सर्वांपुढे ठेवल्यास तसेच घडते. सुवर्णमहोत्सवानिमित्त इमारतीसाठी, पंख्यांसाठी आणि बाकांसाठी देणग्या येतात, त्या स्वागतार्हच आहेत. त्यांच्या जोडीला परिसरातील प्रत्येक बालवाडीत चित्रपुस्तकांची एक पेटी पोहोचावी आणि तिच्यात मुलांनी स्वतः केलेली पुस्तकेही असावीत. मग मारवाडी घरातील मूल आगरी मित्राचे पुस्तक उघडेल, आगरी मूल त्याचे उघडेल. घर काढायला सांगितल्यावर कोणी चाळीचा सज्जा काढील, कोणी तिसऱ्या मजल्यावरची खिडकी काढील. तेव्हा ते चित्र सुबक आले नाही तरी चालेल. ते त्याचे स्वतःचे घर असेल.