चालतं का बघू

(रौप्यमहोत्सव समारंभात सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला वीस मिनिटं दिली आहेत. आपल्या वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीच्या विषयाला याहून जास्त वेळ जातो, तेव्हा प्रस्तावना करत बसत नाही. या टेबलावर काही वस्तू मांडल्या आहेत. दोऱ्याचं रिकामं रीळ, मेणबत्तीचा तुकडा, रबर-बँड, कोटाचं मोठं बटण, गोधडीचा दोरा, पाण्याच्या बाटल्यांची झाकणं, खराट्याच्या काड्या, संपलेल्या बॉलपेनच्या नळ्या, लग्नपत्रिकेचा पुठ्ठा. खेळण्यांसाठी म्हणून यातली एकही वस्तू विकत आणलेली नाही. यांतून चालणारी, फिरणारी, चढणारी खेळणी कशी होतात ते सांगणार आहे. मात्र माझं खरं बोलणं मुलांशी कमी आणि त्यांच्या आई-वडिलांशी व आम्हा आजी-आजोबांशी जास्त आहे. ते ओघात येईलच.

पहिलं रीळ. माझ्या वयाच्या मंडळींना रिळाचा रणगाडा आठवत असेल. तेव्हा रीळ लाकडी असे आणि त्याच्या कडांना चाकूने खाचा पाडल्या की झाला रणगाडा. आता रीळ प्लास्टिकचं, फरशी गुळगुळीत; म्हणून दोन्ही कडांवर एकेक रबर-बँड चढवायचा, म्हणजे घसरत नाही. रिळाच्या भोकातून दुसरा रबर-बँड ओवायचा. एका बाजूला बाहेर आलेल्या फासात काडेपेटीच्या काडीचा तुकडा अडकवून तो चिकटपट्टीने पक्का करायचा. तो फिरता कामा नये. दुसऱ्या बाजूला मेणबत्तीची अर्धा सेंटिमीटर जाडीची चकती, मधोमध भोक पाडलेली. तिच्यातून फास बाहेर काढून त्यात लांब काडी घालायची, पेन्सिलसुद्धा चालते. काडीचं एक टोक रिळाच्या कडेपलीकडे चांगलं बाहेर राहिलं पाहिजे. आता वीस-पंचवीस पीळ द्या आणि खाली ठेवा. काडीचं टोक जमिनीला टेकतं, काडीला फिरता येत नाही, मग रीळच फिरतं आणि डुलत डुलत निघतं.

मेणाची चकती कशाला, हा प्रश्न मुलं विचारतात. मोठी माणसं विचारत नाहीत. चकती काढून बघा. काडी रिळाच्या कडेला घासून अडकून बसते, नाहीतर सगळा पीळ एका झटक्यात सुटतो. मेणावरून ती बेताने सरकते, म्हणून पीळ सावकाश खर्च होतो. आयुष्यभर बँकेत बसल्यामुळे मला हे असंच दिसतं: पीळ म्हणजे ठेव, चालणं म्हणजे खर्च आणि घर्षण म्हणजे सेवाशुल्क. सेवाशुल्क फार झालं की खातं जागचं हलत नाही. (बँकेतले आणखी दोघे समोर बसले आहेत, ते हसताहेत.)

दुसरी भिंगरी. हिच्याइतकं सोपं खेळणं मला माहीत नाही. मोठ्या बटणाच्या दोन भोकांतून मीटरभर दोरा ओवून टोकांना गाठ मारायची. दोन्ही हातांत दोन फास धरून बटण गरगर फिरवून पीळ भरायचा आणि मग ताणायचं, सैल सोडायचं, ताणायचं, सैल सोडायचं. नवशिकी मुलं नुसती ताणून धरतात. सैल सोडलं तर बटण आपल्या वेगातच उलटा पीळ भरून घेतं, हे बोटांना कळायला दहा-पंधरा प्रयत्न लागतात. तोंडाने सांगून कळत नाही. बटणाऐवजी पुठ्ठ्याची चकती केलीत तर दोन्ही भोकं मध्यापासून सारख्याच अंतरावर हवीत. केस मोकळे असतील त्यांनी आधी बांधावेत आणि भिंगरी चेहऱ्यापासून लांब धरावी.

ही भिंगरी जगात हजारो वर्षं आहे. २०१७ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिचंच तत्त्व वापरून रक्तातले घटक वेगळे करणारं कागदाचं यंत्र केलं. एरवी या कामाला विजेवर चालणारं महागडं यंत्र लागतं. यांची कागदी चकती दोऱ्यावर मिनिटाला सव्वा लाख फेऱ्यांपर्यंत गेली आणि दोन मिनिटांच्या आत रक्तातला प्लाझ्मा वेगळा झाला. किंमत वीस सेंट. जिथे वीज नाही अशा ठिकाणी मलेरियाची तपासणी करता यावी म्हणून हा खटाटोप. हे प्रकाश आपल्या कानपूरच्या आयआयटीत शिकलेले. आम्ही वर्गात बाकाखाली हीच भिंगरी फिरवायचो आणि पट्टी खायचो.

आता गाडी. पुठ्ठ्याखाली बॉलपेनच्या दोन नळ्या आडव्या चिकटवा, नळ्यांतून खराट्याच्या काड्या घाला, काड्यांच्या टोकांना झाकणांची चाकं लावा. पुठ्ठ्यावर फुगा, त्याच्या तोंडाला एक नळी बांधून ती मागे काढलेली. फुगा फुगवून सोडला की हवा मागे, गाडी पुढे. लिहायला चार ओळी, पण पहिल्या फटक्यात ही गाडी सहसा चालत नाही. गोंद नळीत शिरून काडी चिकटलेली असते, किंवा चाक पुठ्ठ्याला घासतं, किंवा दोन काड्या समांतर नसतात आणि गाडी गोल गोल फिरते. सगळ्यांत जास्त वेळा झाकणाचं भोक मधोमध नसतं. मध्य काढायची युक्ती सांगतो. झाकण कागदावर ठेवून भोवती रेघ मारा, गोल कापा, त्याची दोनदा घडी घाला. उलगडल्यावर घड्या जिथे एकमेकींना छेदतात तो मध्य. कागद झाकणावर ठेवून खूण करा. भोक मात्र मोठ्या माणसानेच पाडायचं, दाभण तापवून.

मोठ्या माणसाचं काम इथे संपतं. माझं म्हणणं आहे ते हेच.

गेल्या मे महिन्यात आपण पार्किंगमध्ये सकाळी सात-आठ मुलांना घेऊन बसायचो. त्या दिवशी गाड्या चालल्या होत्या, म्हणजे चालत नव्हत्या. एका मुलाची गाडी डावीकडे वळत होती. तो पालथी घालून चाकं फिरवून बघत होता. तेवढ्यात त्याचे वडील खाली आले. ते आज इथे आहेत आणि त्यांना विचारूनच सांगतोय. ते व्यवसायाने इंजिनियर. त्यांनी गाडी हातात घेतली, दोन मिनिटांत काडी सरळ केली, गाडी सुर्रकन थेट भिंतीपर्यंत. मुलगा म्हणाला, "छान," आणि खेळायला निघून गेला. गाडी तिथेच राहिली. ही टेबलावरची, लाल झाकणांची. शेजारी सी विंगमधली एक मुलगी तिच्या गाडीशी पाऊण तास झटत होती. तिने चाकांची अदलाबदल केली, मग एकेक चाक बोटाने फिरवून पाहिलं, शेवटी एका झाकणाचं भोक बाजूला गेल्याचं तिच्या लक्षात आलं. ती माझ्याकडे आली ती विचारायला नाही, नवीन झाकण मागायला. तिची गाडी आज टेबलावर नाही, कारण ती कुणाला देत नाही.

वडिलांचं मन मला कळतं. मूल अडलं की आपले हात शिवशिवतात. शिवाय आपल्याला येतं हेही दाखवायचं असतं; आम्ही आजोबा लोक तर त्यात पुढे. म्हणून मी मुलांजवळ बसतो तेव्हा हात पाठीमागे बांधतो आणि फक्त विचारतो. "कुठे अडतंय? कोणतं चाक जड फिरतंय? फुग्याशिवाय ढकललीस तर जाते का?" खेळणं दुकानातून आणलेलं असलं आणि बंद पडलं, की मुलाच्या दृष्टीने तो विषय संपतो, सेल बदला नाहीतर टाका. (बटणाएवढे सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, गिळला तर काही तासांत अन्ननलिका भाजते.) स्वतः केलेलं बंद पडलं तर ते उघडायला मूल घाबरत नाही. ही संधी आपण त्याच्या हातातून काढून घेतो, तीही प्रेमापोटी.

चढणारं खेळणं मला सर्वांत प्रिय. पुठ्ठ्याचं चित्र कापायचं, पाठीमागे कागदी स्ट्रॉचे दोन तुकडे मराठी आठाच्या आकड्यासारखे चिकटवायचे, वर जवळ, खाली लांब. प्लास्टिकच्या स्ट्रॉवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे, कागदी उत्तम चालते. दोरा एका तुकड्यातून खालून वर, वरच्या खिळ्यावरून, दुसऱ्यातून वरून खाली. दोन्ही टोकं जरा फाकवून धरून आळीपाळीने ओढली की चित्र वर सरकतं. ओढलेल्या बाजूचा दोरा स्ट्रॉला धरून ठेवतो, दुसऱ्या बाजूचा सुटा सरकतो. दोरा सैल सोडला की स्वारी खाली.

गेल्या दिवाळीत कंपाउंडमध्ये किल्ला केला तो सिंहगड. मुलांनी या युक्तीने घोरपड केली आणि ती खरंच कड्यावरून वर गेली. इतिहासाचे जाणकार सभासद म्हणाले, घोरपडीची गोष्ट ही दंतकथा आहे. असेल. पण आधी ती निम्म्या कड्यावरच अडत होती, आणि मातीचा कडा पुढे आलाय म्हणून दोरा घासतो, हे पाचवीतल्या मुलाने शोधलं. त्याने कडा खरवडला नाही, मधे काडी खोचून दोरा कड्यापासून सुटा केला. मला हे सुचलं नसतं.

या विषयात अरविंद गुप्तांचं नाव घ्यायलाच हवं. तेही कानपूर आयआयटीचे इंजिनियर. सत्तरच्या दशकात मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि काडेपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून मुलांना भूमिती शिकवू लागले. काड्यांचा चौकोन दाबला की वाकतो, त्रिकोण वाकत नाही. आपल्या गच्चीवरच्या शेडच्या कैच्यांत त्रिकोण का आहेत ते मुलाला एका काडेपेटीत कळतं. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी बरीच वर्षं काम केलं. २०१८ साली पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तकं आणि चित्रफिती इंटरनेटवर फुकट आहेत, मराठीतसुद्धा. मोबाइल मुलाच्या हातात द्यायचाच असेल तर निदान यासाठी द्या.

आता मागणी. या सभागृहाच्या कोपऱ्यातल्या कपाटात खालचे दोन कप्पे रिकामे आहेत. ते रविवारच्या या उद्योगासाठी मिळावेत, असा अर्ज मी कार्यकारिणीकडे दिला आहे. खर्चाची तरतूद शून्य. सभासदांनी शनिवारपर्यंत वॉचमनच्या केबिनमधल्या पिशवीत या वस्तू टाकाव्यात: रिकामी रिळं, बटणं, झाकणं, जुन्या पत्रिका, बंद पेनं, मेणबत्तीचे तुकडे, दुधाच्या पिशव्यांबरोबर येणारे रबर-बँड. झाकणं कृपया धुऊन द्या. काच, ब्लेड आणि सेल नकोत.