महत्तमाचे गणित



संख्याशास्त्र म्हणजे सरासरी, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. आज मी सरासरीला रजा देऊन टोकाच्या आकड्यांविषयी बोलणार आहे. कारण शहर सरासरी पावसात बुडत नाही. ते सर्वांत मोठ्या पावसात बुडते.

निरीक्षणे लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत उभी केली, की रांगेतल्या प्रत्येक जागेला आपले स्वतंत्र गणित प्राप्त होते. या विषयाला क्रमसांख्यिकी म्हणतात. दोन फासे टाकून पाहा. एका फाशावर सहा पडण्याची संभाव्यता एकषष्ठांश. पण दोहोंतला मोठा आकडा सहा असणे 36 पैकी 11 वेळा घडते आणि लहान आकडा सहा असणे 36 पैकी एकदाच. शिवाय लहान आकडा सहा आला, की मोठा सहाच असला पाहिजे! फासे एकमेकांना ओळखत नाहीत; परंतु त्यांना रांगेत उभे करताच त्यांच्यात नाते जडते. मग दोन संभाव्यतांचा नुसता गुणाकार करून भागत नाही. 'लहान इतका आणि मोठा इतका' अशा प्रत्येक जोडीचा तक्ता मांडावा लागतो. हाच संयुक्त संभाव्यतेचा तक्ता.

हा खेळ फाशांपुरता राहिला असता तर मी आपला वेळ घेतला नसता. 5 जुलै 1974 रोजी मुंबईत कुलाब्याला एका दिवसात सुमारे 575 मिलिमीटर पाऊस पडला. हा मोठाच आकडा. पण 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पडला, आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला अवघा 73! शहर एक, दिवस एक. पण एका पर्जन्यमापकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणारा त्या दिवशी पुरता फसला असता. शेकडो माणसे त्या पुरात प्राणास मुकली.

आता रांगेकडे वळू. 99 वर्षांच्या नोंदी हाताशी आहेत आणि सर्व वर्षे एकाच जातीची व परस्परनिरपेक्ष आहेत असे समजू. मग पुढचे वर्ष साऱ्यांवर ताण करील याची संभाव्यता किती? शंभर वर्षांपैकी कोणतेही एक सारख्याच हक्काने महत्तम असू शकते. म्हणून शंभरात एक. उत्तर सुंदर आहे, पण नवा उच्चांक जुन्याला किती मागे टाकील हे ते सांगत नाही. आणि 'शंभर वर्षांतला पाऊस' म्हणजे शंभर वर्षांनीच येणारा, असेही नव्हे. दरवर्षी शंभरात एक संभाव्यता असली, तर तीस वर्षांत तो एकदा तरी येण्याची संभाव्यता शेकडा 26 भरते. शिवाय अरबी समुद्र तापत चालला आहे; तेव्हा 'सर्व वर्षे एकाच जातीची' हे गृहीतच डळमळू लागले आहे.

मुंबईच्या जुन्या गटारांची रचना ताशी 25 मिलिमीटर पाऊस आणि समुद्राला ओहोटी, असे धरून झालेली होती. या वाक्यातल्या 'आणि'कडे लक्ष द्या. भरती चंद्राच्या हिशेबाने येते, पाऊस ढगांच्या. दोघांत फारसे नाते नाही, हे खरे. तरीही भरती दर साडेबारा तासांच्या सुमारास येते. प्रत्येक भरतीच्या शिगेआधी दीड व नंतर दीड तास गटारांची तोंडे पाण्याखाली जातात असे धरले, तर दिवसाचा चौथा हिस्सा तसाच जातो. आणि तेरा तास टिकणाऱ्या पावसाला भरती गाठणारच! 2005 साली पाऊस दुपारनंतर कोसळला, आणि त्याच दुपारी भरतीही होती. परस्परनिरपेक्ष गोष्टी एकत्र येत नाहीत, हा आपला भ्रम आहे. हाजी अली, इर्ला येथे पुढे पाणी उपसणारी केंद्रे उभी राहिली, ती या 'आणि'ला दिलेले उत्तर होय.

मंडळी, वसंत सरला की पाऊस येईल. आपल्या गावच्या पुलाची, नाल्याची, धरणाच्या सांडव्याची योजना कोणी पुढे मांडली, तर दोन प्रश्न अवश्य विचारा: महत्तम किती वर्षांच्या नोंदींतून काढले? आणि त्याच वेळी आणखी काय घडू शकेल, याचा तक्ता कोणी मांडला आहे काय? हे प्रश्न विचारायला गणिती असावे लागत नाही. नागरिक असणे पुरेसे आहे.