घरातली सायकल : निवड आणि निगा



आपण दहावी झालो तेव्हा रिठद अकोला जिल्ह्यात होतं. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. तेव्हा आपल्यातल्या कित्येकांनी दांडीखालून पाय घालून मोठी सायकल शिकली. आज कोणी दुकानात बसतं, कोणी माझ्यासारखं संगणकासमोर. सकाळपासून गप्पांत साखर, बीपी आणि गुडघेच निघताहेत. बऱ्याच मैत्रिणींनी व्यायामाच्या सायकलबद्दल विचारलं. कारण सरळ आहे. गावात बाई पहाटे एकटी फिरायला निघाली की चार जण विचारतात, "कुठी चालली वो?" घरातल्या सायकलला उत्तर द्यावं लागत नाही.

घेताना पडदा पाहू नका, बसून पाहा. शेजारी उभं राहिल्यावर सीट कमरेच्या हाडाइतकी यावी. बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली की पाय सरळ व्हावा. मग चवडा ठेवून चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीट फार खाली असेल तर गुडघ्यावर ताण येतो. चुंबकाने जड-हलकी होणारी सायकल घ्या. तिचा आवाज कमी, घासून झिजणारा ब्रेकही नाही. साध्या सायकलींचा पडदा बहुधा सेलवर चालतो, म्हणजे लाईट गेली तरी अडत नाही. गुरुजनांनी पाठीला टेका असलेली, कमी उंचीची पाहावी. सायकल किती किलो वजन पेलते आणि दुरुस्तीचा माणूस गावापर्यंत येतो का, हे पैसे देण्याआधी विचारा.

निगा आपल्या जुन्या सायकलीसारखीच. चालवून झाल्यावर घाम पुसा. घामातल्या मिठाने लोखंड गंजतं. महिन्यातून एकदा नट-बोल्ट आवळा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे विसरू नका. जबरदस्ती केली तर आटे जातात. पट्ट्याला तेल लावू नका. सायकल डगमगत असेल तर खालचे पाय फिरवून समतोल करा. लहान मुलांची बोटं फिरत्या भागांपासून जपा.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे रोज अर्धा तास, पाच दिवस. चालवताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत वेग पुरे. सुरुवात दहा मिनिटांनी करा. हृदयाचा त्रास असेल, इन्सुलिन चालू असेल किंवा गुडघा सुजत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

शेवटचं एक. सायकल आतल्या खोलीत, कोपऱ्यात ठेवू नका. तिथं तिच्यावर टॉवेल वाळतात. टीव्हीसमोर किंवा खिडकीपाशी, येता-जाता दिसेल अशी ठेवा. महागडी सायकल घेण्यापेक्षा रोज बसाल अशी घ्या. पुढच्या स्नेहमेळाव्याला आपण सगळे आपल्या पायांनी या पायऱ्या चढून यावं, एवढीच इच्छा.