घरचा साबण, हिशोब कुणाचा?

बऱ्याच जणांनी विचारलंय, "घरी साबण, उटणं, केसांचं तेल बनवतो. धंदा होईल का?"

होईल की! पेंढारकरांचं विको १९५२ साली परळच्या छोट्या जागेतच सुरू झालं. दंतमंजन घरोघरी जाऊन विकलं त्यांनी. पण आधी कॅल्क्युलेटर काढा.

समजा, एका खेपेत वीस साबण निघतात. तेल, कॉस्टिक, सुगंध मिळून ७०० रुपये. कागद-लेबल १६०. तुमचे तीन तास, तासाला १०० धरले तर ३००. एकूण ११६०, म्हणजे एक साबण ५८ रुपयांना पडला. "मैत्रिणी घेतील" म्हणून किंमत ठेवली ८०. दुकानदारानं ३० टक्के घेतले, हातात आले ५६. साबणामागे दोन रुपये तोटा! तोच १२० ला विकला तर हातात ८४, नफा २६. स्वतःची मजुरी धरलीच नाही तर हा तोटा दिसतच नाही, आणि वर्षभर आई फुकट राबते.

त्यात कॉस्टिकचा साबण चार ते सहा आठवडे मुरावा लागतो. तेवढे दिवस पैसा अडकला. म्हणून दिवाळीचा माल सप्टेंबरातच ओता.

आता परवाना. विकायचा साबण कायद्यानं सौंदर्यप्रसाधन ठरतो, त्याला एफडीएचा उत्पादन परवाना लागतो. उद्यम नोंदणी फुकट होते, पण ती म्हणजे परवाना नव्हे. परवान्यासाठी जागेच्या अटी असतात, स्वयंपाकघर त्यात बसत नाही. मग परवाना असलेल्या कारखान्यात लोन लायसन्सवर माल बनवून घेता येतो. तो खर्चही वरच्या हिशोबात धरा.

लेबलवर बॅच नंबर, तारीख, वजन, किंमत, पत्ता हवाच. बॅच नंबर म्हणजे आपल्या सॉफ्टवेअरचं व्हर्जन समजा. तक्रार आली की नेमकी खेप सापडते.

आणि "पिंपल बरे होतात" असं छापू नका. बरं करणं हे औषधाचं काम. विको टर्मरिक प्रसाधन की औषध, हा एक्साइजचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. "सांगलीची हळद घातलीय" एवढं खरं लिहा, पुरे.

तर आज रात्री आईसोबत बसा, तिचे तास मांडा, मगच किंमत ठरवा. आकडा कितीचा निघाला ते मला व्हॉइस नोटवर सांगा. भेटू पुढच्या भागात!